पोटात ड्रॉवर असलेलं विमान

सुताराने एका बुधवारी संध्याकाळी साऱ्या देशाला खरं सांगितलं, देशाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य कुणी वाचलं असेल, तर तो वाचणाऱ्याचा गैरसमज समजावा.

घडलं ते असं. सुतार लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करायचा आणि त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, संरक्षण खात्यात होता. तिथे नेमकं काय करतो हे साडू कुणाला सांगत नसे, कारण ते गुप्त होतं. गुप्त आहे हे मात्र भेटेल त्याला सांगे. सुताराच्या घरात त्याचं नाव औषधासारखं दिवसातून तीनदा निघायचं. भाऊजी किती हळू बोलतात. भाऊजींच्या शर्टाला कशी सुरकुती नसते. सुताराने केलेले सगळे ड्रॉवर डावीकडे अडकत. का, ते त्यालाही कधी कळलं नाही. ओट्याखालचा अडकला की बायको म्हणायची, "तिकडे भाऊजी देश सांभाळतात आणि इकडे आम्हाला चमचा काढायचा तर बुक्की मारावी लागते."

सुतार साडूच्या शर्टाला मनातल्या मनात सुरकुत्या पाडत बसे.

मग एक दिवस साडू स्वतः सुताराच्या कारखान्यात आला. भुसा बुटाला लागू नये म्हणून दारातच उभा राहिला.

"काय कारागीर, एक काम आहे. देशाचं."

"कपाट?"

"विमान. बिनवैमानिकाचं. फक्त बाहेरून."

"उडायला नको?"

"उडणारं वेगळं. ते तयार होतंय."

"कुठवर आलंय?"

"नाव ठेवून झालंय," साडू म्हणाला आणि त्याने गुप्ततेच्या कागदावर सुताराची सही घेतली. याबद्दल कुणाशी, विशेषतः घरच्यांशी, बोलल्यास खटला भरला जाईल, असं त्यात लिहिलं होतं.

तीन आठवडे शटर ओढून सुतार राबला. बायकोला म्हणाला, हॉटेलचं काम आहे. साडूला आपली गरज पडली या आनंदात त्याने पंख असे घासले की त्यात तोंड दिसावं. एकच झालं. विमानाचं पोट रिकामं होतं, आणि एवढी जागा वाया जाताना कपाटवाल्याला बघवेना. हात आपोआप गेला. त्याने तिथे ड्रॉवर बसवला, दाबला की उघडणारा.

"हे काय?" साडूने विचारलं.

"सामान ठेवायला."

"कसलं सामान?"

"ते तुम्ही बघा."

पुढच्या रविवारी विमान टीव्हीवर आलं. शेजारी साडू, बिनसुरकुतीचा. खाली अक्षरं सरकत होती: 'महाविमानाचे जनक'. बायको उठून पडद्याला नाक लावून उभी राहिली.

"बघा जरा, पंखाची कड कशी आहे! बघून शिका काहीतरी."

सुताराने स्वतःच घासलेली कड बघितली आणि तिच्याकडून काहीतरी शिकण्याचा प्रयत्न केला.

मग आठवडाभर देशात दुसरा विषय नव्हता. सरहद्दीवर आधीच ताणाताणी होती. एक निवृत्त सेनापती रोज सात वाजता टीव्हीवरच्या चर्चेत विमानाच्या पोटाखालच्या फटीकडे काठी रोखून सांगे, इथे चार बॉम्ब मावतात. दुसरा म्हणे सहा. सुताराच्या मते बारा ताटं आणि वाट्या. एक बारीक चणीची बातमीदार बाई तेवढी रोज विचारायची, "पण हे उडताना कुणी पाहिलंय का? सरकारने तेवढं सांगावं." तिच्यावर चर्चेतले बाकीचे चौघे मिळून ओरडायचे. न्हावी सुताराची दाढी करता करता म्हणाला, "आता काय भ्यायचं! होऊन जाऊ दे युद्ध. एवढं विमान आहे आपल्याकडे." वस्तरा गळ्यावर होता, म्हणून सुतार बोलला नाही.

आपल्या प्लायवूडच्या भरवशावर लोक युद्धाला निघालेत, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटलं. पण खरं सांगायचं तर ते दुसऱ्या क्रमांकाचं वाईट होतं. पहिला क्रमांक बुधवारी लागला. बायकोने वर्तमानपत्रातला साडूचा फोटो कापला आणि कपाटाच्या दारावर चिकटवला. कपाट सुताराने केलेलं होतं.

तो तडक कारखान्यात गेला आणि चर्चेच्या कार्यक्रमाला फोन लावला.

"ते लाकूड आहे," तो म्हणाला. "मी केलंय. मी सुतार आहे. पोटात ड्रॉवर आहे, डावीकडे अडकतो."

स्टुडिओत बातमीदार बाईने वही उघडली. तेवढ्यात सेनापती खुर्चीतून उठले.

"लाकूड! म्हणजे रडारला दिसणारच नाही! अहो, काय डोकं लावलंय!"

दुसऱ्या दिवशी सरकारने खुलासा केला. विमान अतिप्रगत काष्ठतंत्रज्ञानाचं आहे, त्याची कल्पना साडूंची आहे, आणि असा कोणताही सुतार अस्तित्वात नाही.

सुतार घरी आला तेव्हा बायको फणफणत होती. "काल ऐकलंत का? कुणी मेला फोन करून भाऊजींच्या नावाने खडे फोडत होता. जळतात नुसते!" ओळख लपवण्याच्या सद्हेतूने वाहिनीने त्याचा आवाज इतका बदलला होता, की तो थंडी वाजणाऱ्या बदकासारखा येत होता.

"तो मी होतो," सुतार म्हणाला. खटल्याची भीती आता उरली नव्हती.

"तुम्ही? तुमचा आवाज असा आहे का?"

"विमान मी केलंय गं. शप्पथ."

"बरं. आणि सूर्य?"

एवढ्यात टीव्हीवर साडू आला. बातमीदार बाईने त्याला सगळ्यांदेखत विमानाचं पोट उघडून दाखवायला लावलं होतं. साडूने फळी दाबली. हलेना. पुन्हा दाबली. सुतार टीव्हीजवळ सरकला. ही खूण साऱ्या जगात फक्त त्याच्या ड्रॉवरची होती. साडूने कपाळ पुसलं, वाकला आणि डाव्या बाजूला एक बुक्की मारली. ड्रॉवर सुळकन बाहेर आला. टाळ्या पडल्या.

बायको पडद्याकडे बघतच राहिली. मग ओट्याखालच्या ड्रॉवरकडे वळली. मग सुताराकडे. त्याचे डोळे भरून आले.

"अगं बाई," ती म्हणाली, "भाऊजी मागे आपल्याकडे आले होते ना, तेव्हा बघून ठेवलं असणार. किती बारीक लक्ष असतं त्यांचं!"

सुताराने कागद घेतला आणि कानावरची पेन्सिल काढली.

"प्रति, मा. सचिव, संरक्षण खाते.
विषय: माझ्यावर खटला भरण्याबाबत.

महोदय, मी गुप्ततेच्या कागदावर सही करून गुपित फोडलेले आहे. अद्याप मला अटक झालेली नाही, याचा माझ्या कुटुंबावर परिणाम होत आहे. तरी माझ्यावर तातडीने खटला भरावा, आरोपपत्रात 'सदर विमान आरोपीने स्वतःच्या हाताने केले' असे स्पष्ट नमूद करावे, आणि त्याची एक प्रत, सही-शिक्क्यासह, माझ्या पत्नीला वाचून दाखवण्यासाठी साडूसाहेबांच्या हस्ते आमच्या घरी पाठवावी, ही नम्र विनंती."