पट्टीचा हिरवा दिवा

शिरवण्याच्या गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवते. हेल्मेटमधली पट्टी मेंदूच्या लहरी मोजते आणि झोप आली की बोंबलते. गेल्या महिन्यात माझ्यासोबतच्या चालकाचा, अंकुशचा, गाडी चालवताना डोळा लागला, तेव्हा तिनेच त्याला वाचवलं. ते मी नाकारत नाही.

काल मात्र सुपरवायझर मितेशसरांनी माझी चावी काढून घेतली. "शर्मिलाताई, रोज एक वाजता तुम्ही झोपता. रिपोर्ट लाल आहे. उद्यापासून पॅकिंगला बसा."

"मी झोपत नाही. जेवणाच्या सुट्टीत गाडी बंद करून, हेल्मेट डोक्यावर ठेवूनच आनापान करते. डोळे मिटून श्वास बघते. लहानपणी विहारात शिकले."

"म्हणजे मशीन खोटं बोलतंय?" सर टेबलावर हात आपटून ओरडले.

मी हेल्मेट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. "तुम्ही घाला."

त्यांनी तणतणतच घातलं. त्यांच्या टेबलावरच्या रिपोर्टच्या स्क्रीनवर हिरवा दिवा लागला: 'चालक सावध. गाडी चालवण्यास योग्य.'

"आता या रागात माणसांमधून दोन टन माल न्याल का, सर?"

सरांनी हेल्मेट काढून माझ्या चावीशेजारी ठेवलं. मी टेबलावरची चावी उचलली आणि गाडीवर जाऊन बसले.