अदलाबदल झालेले बोल्ट

जावई वारला त्याच्या पुढच्याच आठवड्यात सासरे आणि त्यांची लेक दोन्ही रायफली घेऊन कारागिराच्या दुकानात आले. शिकारीत पहिलाच बार काढताना जावयाच्या हातातली रायफल मागच्या बाजूने फुटली होती.

"काडतूसच खराब होतं," लेक म्हणाली. "तुम्ही फक्त तसं सांगा. विकणाऱ्याला मी सोडणार नाही."

कारागिराने दोन्ही रायफली दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या काडतुसाच्या, जुळ्या बहिणींसारख्या. फरक बारीक होता. जुन्या रायफलींच्या बोल्टची, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची, मूठ खालून पोकळ असायची, नंतरच्या रायफलींची भरीव. फुटलेली रायफल जुनी होती. तिच्या बोल्टची मूठ भरीव होती.

त्याने दुसरी रायफल उघडली. पोकळ मुठीचा बोल्ट त्यात बसला होता. बोल्टवरचे आणि रायफलींवरचे नंबरही उलटसुलट. परका बोल्ट वरवर चपखल बसतो, पण आत काडतुसाला घट्ट धरत नाही, आणि बार मागे फुटू शकतो.

"शेवटच्या वेळी या साफ कुणी केल्या?"

"बाबांनीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देतात का ते!"

बोलून झालं आणि तिचा चेहरा उतरला.

"काडतुसाचाही दोष असू शकतो," कारागीर घाईने म्हणाला.

"उगाच माझी समजूत काढू नकोस," म्हातारा म्हणाला. "बोल्ट दे इकडे."

त्याने मुठीखालून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या बोल्टच्या. "दोन्ही एकाच टेबलावर उघडल्या होत्या मी. नुसतं चाचपलं असतं तरी कळलं असतं. पण जावई समोर बसला होता ना. त्याच्यादेखत आंधळ्यासारखं चाचपायची लाज वाटली."

"तुम्ही म्हणाला होतात, सगळं स्वच्छ दिसतं," लेक म्हणाली. "मी डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर माझ्यावरच खेकसलात."

"हो."

ती उठून बाहेर गेली. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. म्हातारा बोल्ट हातात धरून तसाच बसून राहिला. कारागिराने पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही.

बऱ्याच वेळाने ती परत आली. डोळे लाल होते. रायफलींकडे तिने पाहिलंही नाही. बापाला दंडाला धरून उठवलं आणि दाराशी नेलं.

"पायरी आहे," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्याच्याशी एवढंच बोलत राहिली. पायरी आहे. औषध घ्या. जेवण वाढलंय.