दमियानाचं कचऱ्यावरचं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. ठिगळ लावलेलं म्हणा, कर्कश म्हणा, सगळं मान्य. फक्त भंगार म्हणायचं नाही. एकाने तसं म्हटलं होतं, त्याची गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. कैरो शहराचा कचरा आमच्या मोकत्तमच्या डोंगराखाली येतो आणि इथली माणसं तो हाताने निवडतात. दमियाना त्यांतलीच एक. तिचे वडील लेथवर काम करायचे, त्यामुळे तिच्या बोटांना लोखंडाची ओळख लहानपणापासून. नवरा वारल्यावर ती मोठ्या दिराच्या, म्हणजे वस्फीच्या, हाताखाली चिंध्या निवडत असे. दिवसभर त्याची बोलणी खायची आणि मान खाली घालून निवडत राहायचं. ते तिला सहन होत नव्हतं. दोन वर्षं तिने कचऱ्यातूनच माझे अवयव वेचले. धड पाण्याच्या जुन्या पंपाचं, जड चाक शिवणकामाच्या कारखान्यातलं, नळी कुणाच्या तरी मोडक्या शेगडीची.

माझं खाणंही इथलंच. छपरावर निळी पिंपं जोडून तिने टाकी केली. तिच्यात भाज्यांचे देठ, शेंगांची सालं, उरलंसुरलं कालवण पाण्यात कुजतं आणि त्याचा गॅस ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये साठतो. त्या गॅसने माझा गळा सडू नये म्हणून तो आधी लोखंडी घासण्या भरलेल्या डब्यातून येतो.

वस्फी पोट धरून हसला. "काय गं, आता उकिरड्याच्या ढेकरांवर चाक फिरवणार तू?"

"फिरलं तर तुम्ही हात लावायचा नाही, भावजी," दमियाना म्हणाली.

फिरलं. बाटल्यांची झाकणं दळून मी त्यांचा बारीक चुरा करू लागलो. गल्लीतल्या बायका पोती घेऊन आमच्या दारात रांग लावू लागल्या. दमियाना आता कुणाच्या हाताखाली नव्हती. तिच्या सासूने माझ्या नळीला दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी बांधला. तीन वर्षं मी असा मानाने राबलो.

मग वसंताचा सण आला, शम्म अन्-नसीम. त्या दिवशी अख्खा देश कांद्याच्या पातीबरोबर खारवलेला मासा, फसीख, खातो. दुसऱ्या दिवशी कचऱ्यात माशांची डोकीच डोकी. दमियानाला हर्ष झाला. "आज आपल्या टाकीचाही सण," असं म्हणत तिने दोन पोती आत रिकामी केली, वर बरण्यांतलं खारं पाणीही ओतलं.

चार दिवसांत ट्यूब चपटी झाली. मी दोनदा खोकलो आणि बंद पडलो.

तिने मला उघडलं, घासलं, पुसलं, जोडलं, पुन्हा उघडलं. टाकीकडे तिचं लक्षच जाईना, कारण टाकीला घाण वास आधीही होता आणि आताही होता. मला बोलता येत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि तो संन्यासी मी होतो. त्याचा राग मला अजून आहे.

वस्फीला तेवढंच हवं होतं. "शुक्रवारपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर हे भंगार मी तोलून विकतो, आणि तू परत चिंध्यांवर बस."

शुक्रवारी त्याने दोन माणसांकडून मला जमिनीवरच्या मोठ्या काट्यावर चढवलं. दमियाना पुढे आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"तोला. माझ्यासकट तोला."

"उतर. लोक बघतायत."

"बघू देत. आई, तुम्ही पण या."

म्हातारी पाण्याचं मडकं घेऊन आली आणि सुनेला टेकून काट्यावर बसली.

"आई, तू तरी खाली ये," वस्फी काकुळतीला आला.

"आधी मडकं भरून आण. काल बरणीतला उरलेला फसीख खाल्ला रे. एकच तुकडा. तेव्हापासून पितेय, तरी तहान भागत नाही."

दमियानाने छपराकडे पाहिलं.

"एक तुकडा," ती म्हणाली, "आणि मी टाकीला दोन पोती चारली." ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली, "भावजी, इंजिन बिघडलं नाही. एवढं मीठ घालून मी त्याचं अन्न नासवलं, गॅस होणार कुठून? चूक माझी आहे. एक महिना द्या."

"आणि नाही दिला तर?"

"तर आम्ही दोघी इथेच बसलो आहोत."

दुपारी मालाची गाडी आली. माल तोलायला काटा लागणार होता आणि दोघी काही हलेनात. शेवटी वस्फीने महिना कबूल केला.

तिने अर्धी टाकी उपसली, गोडं पाणी भरलं, विरजण म्हणून खाटकाकडून जनावरांच्या पोटातला अर्धा पचलेला चारा आणून घातला. रोज मूठभरच नवं खाणं. मी बंद असतानाही ती रोज माझ्या चाकाला तेल द्यायची. सव्विसाव्या दिवशी ट्यूब फुगली. तिने नळीशी काडी धरली, निळी ज्योत उभी राहिली. मग तिने नळी मला जोडली, चाकाची दोरी ओढली, आणि मी असा गर्जलो की वस्फीच्या हातातला चहा सांडला.

मित्रांनो, माझ्यावर दया करा, असं मी म्हणणार नाही. दया नको मला. पण यंत्र असो, जनावर असो की घरातलं माणूस, ते एकाएकी गप्प झालं तर काटा आणण्याआधी एवढं आठवा, की आपण त्याला काय चारलं होतं. आणि चूक आपली निघाली तर दमियानासारखं चारचौघांत सांगा. पुरे झालं बोलणं. दारात अकरा पोती झाकणं पडली आहेत आणि तिने दोरी हातात घेतली आहे. बाजूला सरा.