चारशे बारा आजारी लिफ्ट आणि एक हुक

आमच्या घरात कॉम्प्युटर विभाग आहे. विभागात एकच कर्मचारी, ती मी. नेमणूक मी चौदा वर्षांची असताना झाली. कॉम्प्युटर चालू होत नव्हता, सगळे चिंतेत होते, आणि मी प्लग लावला. त्या एका कर्तृत्वावर मी पुढची नऊ वर्षं काढली.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दुरुस्त करायच्या आधी ऐकतात. बंद दाराला कान लावून उभे राहतात, आत कोणीतरी भाऊबंदकीची गोष्ट सांगत असल्यासारखे. मग म्हणतात, "वरच्या पुलीचं बेअरिंग. डावीकडचं." आणि ते डावीकडचंच निघतं. कामावर त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणतात. आई ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, तिला हे बिलकूल पसंत नाही. "अठ्ठावीस वर्षं खऱ्या डॉक्टरांशेजारी मी उभी राहिले, आणि पाटी ह्यांच्या गळ्यात!"

बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम एक छोटा रेकॉर्डर असतो. आजारी लिफ्ट भेटली की तिचा आवाज टिपायचा, घरी येऊन नंबर घालायचा. तीस वर्षांत चारशे बारा आवाज झाले. 'सतरा: सहाव्या मजल्यावर कण्हते.' 'अठ्ठ्याऐंशी: चिडलेली, कारण कळलं नाही.' 'दोनशे तीन: काहीही झालेलं नाही, नाटक करते.' सुरुवातीचे दीडशे कॅसेटवर होते. ते मी कॉम्प्युटरवर चढवले, आणि "आता ह्यांची काय गरज?" असं म्हणून कॅसेटी भंगारात दिल्या. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलंय.

एक नंबरचा आवाज वेगळा आहे. त्यात बाबांचे उस्ताद बोलतात. एका जुन्या लिफ्टपाशी उभे राहून ते बाबांना हळूच सांगतात, "ऐक, ऐक. आता रडेल." मग तीन सेकंद शांतता, आणि लिफ्ट खरंच रडते. उस्ताद जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही. एवढंच आहे.

माझ्या दादाने हाच आवाज फोनची रिंग म्हणून लावला आहे. दादा दुसऱ्या गावात असतो. एकदा भरलेल्या लिफ्टमध्ये त्याचा फोन वाजला. "ऐक, ऐक. आता रडेल," असं कुणीतरी कुजबुजलं आणि मागोमाग किंकाळी आली. तिसऱ्या मजल्यावर सात जण उतरले. त्यातल्या एकाने पुढचे नऊ मजले जिन्याने गाठले. मी दादाला म्हटलं होतं, "तुझं लग्न जमायचं नाही." तो म्हणाला, "लिफ्ट तरी रिकामी मिळते."

तर, लिफ्टचं काम शिकवणाऱ्या संस्थेकडून बाबांना पत्र आलं. गुरुवारी येऊन चाळीस मुलामुलींना शिकवावे, ध्वनिसंग्रह सोबत आणावा. 'ध्वनिसंग्रह' हा शब्द बाबांनी दोन दिवस घरात इतक्या वेळा उच्चारला की शेवटी आईने दूधवाल्यालाही सांगितलं, "गुरुवारी जरा लवकर या, ह्यांचा ध्वनिसंग्रह आहे."

रविवारी सकाळी बाबा कॉम्प्युटरपाशी बसून आवाज निवडत होते. मी शेजारच्या खोलीत. आतून हाक आली, "इकडे ये. ह्याच्या पोटात काहीतरी आहे."

मी गेले. बाबांनी कॉम्प्युटरच्या खोक्याला कान लावला होता.

"टक. मग दोन सेकंद काही नाही. मग टक टक," ते म्हणाले. "काहीतरी फिरतंय आणि काहीतरी जागा शोधतंय, पण सापडत नाहीये. काय असतं आत?"

"हार्डडिस्क."

"दोन दिवस. फार तर तीन."

आजवर त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता, त्यामुळे मला घाम फुटायला हवा होता. पण फुटला नाही, कारण विभाग सज्ज होता. वर्षापूर्वीच मी बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते दर शुक्रवारी आपोआप चालतं आणि हिरवी टिकमार्क दाखवतं. मी बाबांना बावन्न हिरव्या टिकमार्क दाखवल्या. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मी खुर्चीत मागे रेलले.

"शाबास!" बाबा म्हणाले. "म्हणजे दुसरा दोर आहे. कुठे आहे?"

"डी ड्राइव्हला. मूळ आवाज सीवर, कॉपी डीवर."

"उघड बघू."

मी स्क्रीनवर उघडायला लागले. "तसं नव्हे," बाबांनी स्क्रूड्रायव्हर काढला. "खोकं उघड."

खोकं उघडलं. आत बरीच धूळ आणि एक हार्डडिस्क.

"ही सी का?"

"हो."

"मग डी कुठाय?"

मी त्या डिस्ककडे पाहिलं. डिस्कने टक केलं.

"हीच," मी म्हणाले. "एकाच डिस्कचे दोन भाग पाडलेले असतात."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग अगदी मृदू आवाजात म्हणाले, "म्हणजे दोर दोन, पण हुक एकच."

बावन्न शुक्रवार ते सॉफ्टवेअर उजव्या खिशातली वस्तू डाव्या खिशात ठेवून मला शाबासकी देत होतं, आणि शर्ट मात्र पुराच्या नदीकाठी काढून ठेवलेला. कॅसेटी मी भंगारात दिलेल्या. मी खुर्चीत सरळ बसले.

"रागवा," मी म्हटलं.

"रागवायला गुरुवारनंतर वेळ आहे," बाबा म्हणाले. "आता पर्याय सांग."

मग आमच्याकडे बैठक भरली. बाबा, आई, मी आणि फोनच्या स्पीकरवर दादा. मी भराभर वाचून तीन सॉफ्टवेअर मांडली.

"पहिलं अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा काढतं. सगळं जसंच्या तसं."

"किती वेळ?"

"सहा-सात तास. डिस्कचा कोपरान् कोपरा वाचावा लागतो."

"आजारी लिफ्ट अडकली तर आधी माणसं उतरवतात," बाबा म्हणाले. "कार्पेट आणि आरसा नंतर. पुढचं."

"दुसरं दोन जागा कायम सारख्या ठेवतं. इथे बदललं की तिथेही लगेच बदलतं."

"आणि इथे चुकून पुसलं तर?"

"तिथेही पुसतं."

"वा! म्हणजे एक लिफ्ट पडली की शेजारचीही कापून टाकायची, जोडीला म्हणून."

"तिसरं दररोज फक्त नवीन आणि बदललेल्या फायली उचलतं, पण जुन्या आवृत्त्याही ठेवतं. गेल्या महिन्यातली फाईल हवी, तर मिळते."

बाबांनी मान डोलावली. "हे माणसात आहे. हे घे. पण आत्ता नको."

"आत्ता काय मग?"

फोनमधून दादा बोलला, "आत्ता साधी कॉपी मार ना, विभागप्रमुख! मरणाऱ्या डिस्कवर कसलं सॉफ्टवेअर बसवतेस?"

खालचं दुकान उघडं होतं. मी दोन बाहेरच्या डिस्क घेऊन आले. एक जोडली, आवाजांचं फोल्डर उचललं आणि टाकलं. बाबा डिस्कपाशी कान देऊन बसले आणि मला चालवायला लागले. "थांब, दमली. एक मिनिट दे तिला. हं, आता घे दहा." मी दहा घ्यायचे. "थांब." मी थांबायचे. आयुष्यात कॉपी-पेस्ट इतक्या आदराने मी कधी केलं नव्हतं. आईने टेबलफॅन आणून डिस्ककडे वळवला आणि तिच्या कपाळावर हात ठेवावा तसा हात ठेवून पाहिला.

दुपारी तीनला मी जाहीर केलं, "झालं!"

"किती?" आईने विचारलं.

"सगळे."

"'सगळे' हा आकडा नाही. टाके घालायच्या आधी आम्ही गॉजचे तुकडे मोजतो. आत किती गेले, बाहेर किती आले. डॉक्टर कितीही मोठा असो, मी आकडा सांगेपर्यंत तो टाका घालत नाही. मोज."

मी मोजले. चारशे अकरा.

"पुन्हा मोज."

चारशे अकरा. कुठला नाही ते शोधायची गरजच पडली नाही. यादीची सुरुवात दोनपासून होती.

एक नंबरची फाईल डिस्कवर दिसत होती, पण उचलली जात नव्हती. मी पाचदा प्रयत्न केला. सहाव्यांदा डिस्क दीर्घ टक करून गप्प झाली आणि सी आणि डी दोन्ही एकदमच गेले. बाबा माझ्या मागे उभे होते. मी म्हटलं, "बाबा, मी त्या कॅसेटी..." आणि पुढचं वाक्य काही जमलं नाही.

"असू दे," बाबा म्हणाले. "पाठ आहे मला तो." त्यांनी तोंडाने करून दाखवायचा प्रयत्न केला. "ऐक, ऐक. आता..." मग तेही थांबले.

आणि टेबलावरच्या फोनमधून, जो आम्ही सकाळपासून बंदच केला नव्हता, दादाचा आवाज आला.

"एक नंबर ना? तो माझ्याकडे आहे."

"काय?"

"अगं, माझी रिंग काय आहे? पूर्ण फाईल आहे, एक मिनिट चाळीस सेकंदांची. कधीच कापली नाही. म्हटलं, उस्तादांचं बोलणं मध्येच कसं तोडायचं?"

आई एकदम खुर्चीत बसली.

"आता बोल," दादा मला म्हणाला. "कोणाचं लग्न जमायचं नाही?"

"तुझंच," मी म्हटलं. "पण फाईल पाठव."

दोन मिनिटांत ती आली. बाबांनी ती लावली. "ऐक, ऐक. आता रडेल." शांतता. लिफ्ट रडली. आई म्हणाली, "चारशे बारा. घाला टाके."

पण बाबांनी घालू दिले नाहीत. "पाडून बघितलंस?"

"काय पाडून?"

"नवीन लिफ्ट चालू करायच्या आधी आम्ही तिच्यात वजनं भरतो आणि मुद्दाम सुसाट खाली सोडतो. ब्रेकने धरलं तर पास. ब्रेक आहे असं कागदावर लिहिलंय, म्हणून कुणी सही करत नाही. आपला कॉम्प्युटर गेला असं समज. आता मला दोनशे तीन ऐकव."

कॉम्प्युटर गेला असं समजायला फार कल्पनाशक्ती लागली नाही. मी आईचा लॅपटॉप घेतला, बाहेरची डिस्क जोडली आणि दोनशे तीन नंबरची नाटकी लिफ्ट वाजवली. ती तशीच कुथत होती, काहीही झालेलं नसताना. बाबा इतके खूश झाले की त्यांनी सतरा, अठ्ठ्याऐंशी आणि तीनशे चाळीसही वाजवायला लावले. शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली.

संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवरही कॉपी करून हुक वाटले. पहिली डिस्क घरी, कपाटात. दुसरी आईच्या हॉस्पिटलमधल्या लॉकरमध्ये, जादा चपलांशेजारी. दर महिन्याला दोघींची अदलाबदल, जबाबदारी आईची, म्हणजे चुकणार नाही. तिसरी प्रत इंटरनेटवर. ती चढायला चार दिवस लागतील असं स्क्रीन म्हणत होती आणि बाबांनी तिच्याकडे सामानाच्या लिफ्टकडे बघावं तसं बघितलं. कॉम्प्युटरला नवीन डिस्क बसली, तिसरं सॉफ्टवेअर बसलं. ते कुठे कॉपी करतं हे मी चारदा तपासलं, आणि पाचव्यांदा खोकं उघडून.

गुरुवारी मी बाबांबरोबर गेले. घरची डिस्क माझ्या पिशवीत, दुसरी आईच्या लॉकरमध्येच. बाबांनी आधी डोळे मिटायला सांगितलं. मग एकेक आवाज लावायचे आणि विचारायचे, "काय दुखतंय हिचं?" पहिल्या चार लिफ्टना कुणीच ओळखलं नाही. पाचव्या आवाजाला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ब्रेकचं पॅड?" बाबा म्हणाले, "कुठल्या बाजूचं?" मुलगी म्हणाली, "डावीकडचं." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला त्यांनीच जन्म दिला होता आणि मला उगाचच.

शेवटी एक नंबर लावला. कुणीतरी विचारलं, "सर, हे कोण बोलतंय?"

"माझे उस्ताद," बाबा म्हणाले. त्यांची छाती इतकी फुगली की खिशातला रेकॉर्डर वर आला. "आणि ती फाईल वाचवली माझ्या मुलाने. बाकीच्या चारशे अकरा, ही बसलीये ना, हिने."

चाळीस माना वळल्या. मी पिशवी घट्ट धरली. डी ड्राइव्हचा विषय त्यांनी काढला नाही. गुरुवारनंतर वेळ आहे, असं म्हणाले होते, पण तो वेळ अजून आलेला नाही.

शुक्रवारीही सॉफ्टवेअर चाललं. आता मी टिकमार्क बघत नाही, आकडा बघते. आकडा होता चारशे तेरा. एक फाईल नवीन होती. मी आईच्या लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवरून उघडली, रीतसर पाडून बघितल्यासारखी.

नाव होतं: 'चारशे तेरा: घरचा कॉम्प्युटर, शेवटचं दुखणं. निदान मी केलं. सुटका धाकटीने केली.'

वाजवली. खिशातल्या कापडाची खसखस. मग बाबांचा आवाज, अगदी हळू, रेकॉर्डरच्या तोंडाशी: "ऐक, ऐक. आता रडेल." तीन सेकंद काही नाही. मग टक, आणि टक टक. आणि त्यानंतर कुणीतरी जोरात नाक ओढल्याचा आवाज आहे.

तो हार्डडिस्कचाच असावा, असं विभागाचं अधिकृत मत आहे.