काचेच्या दुकानातली फोडणी

तिला माहेरी सगळे फोडणी म्हणत. स्वयंपाकाशी या नावाचा काही संबंध नव्हता. ती सात वर्षांची असताना वडिलांनी हौसेनं आणलेला पुरुषभर उंचीचा आरसा तिच्या हातून फुटला, आणि तेव्हापासून घरात कुठंही खळ्ळकन आवाज झाला की काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारायचे, "बसली का फोडणी?" नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्न ठरलं तेव्हा काकांनी होणाऱ्या जावयालाही ते सांगून टाकलं. मागून बोल नको, म्हणाले.

नवरा समजूतदार निघाला. कपबशा तो स्वतः धुवायचा. महिन्याकाठी एखादी त्याच्या हातून फुटायची, पण त्याला कोणी नाव ठेवलं नाही. फोडणी स्वतः स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायची, दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी उचलायची, आणि नात्यातलं कुठलंही तान्हं बाळ घ्यायची वेळ आली की आधी जमिनीवर मांडी घालून बसायची आणि मग म्हणायची, "हं, आता द्या." जमिनीवर बसलेल्या माणसाच्या हातून बाळ पडून पडून किती पडणार, असा तिचा हिशोब होता.

अशा बाईनं काचेच्या दुकानात नोकरी का धरली, हे विचारण्यासारखं आहे. त्याचं असं झालं, की जाहिरातीत फक्त 'ऑर्डरी लिहायला आणि फोन घ्यायला बाई पाहिजे' एवढंच होतं. दुकान कशाचं ते तिला दारात पोचल्यावर कळलं. तोवर मालकांनी तिला पाहिलं होतं, आणि परत फिरणं वाईट दिसलं असतं.

ती अठरा वर्षं टिकली. दुकानाचे दोन भाग होते. पुढं तिचं टेबल, फोन आणि ऑर्डरवही; मागं काच कापायचं मोठं टेबल, त्यावर अंथरलेलं जाड ब्लँकेट, आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या काचा. मधे कमरेएवढा लाकडी कठडा. अठरा वर्षांत तिनं तो एकदाही ओलांडला नव्हता. हात धुवायचं बेसिन मागच्या दाराबाहेर होतं, म्हणून ती दुकानातून बाहेर पडून सगळ्या इमारतीला वळसा घालून बेसिनपाशी जायची. काच कापणारे मिस्तरी समजायचे, बाईंना डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल.

एका मंगळवारी तिची थोरली बहीण दुकानात आली. बहिणीला नव्या घरासाठी आरसा करून हवा होता.

"आपल्याकडं होता ना, तसाच," ताई म्हणाली. "उभा. पायापर्यंत दिसणारा."

"मी फोडला तो?" फोडणीनं वहीत तारीख घालत विचारलं.

"तू कुठला फोडलास? मी फोडला." ताई पर्समध्ये मापाची चिठ्ठी शोधत होती. "मी आईची साडी गुंडाळून गोल गोल फिरत होते. पदर अडकला. हं, ही बघ. पाच फूट बाय दीड."

फोडणीच्या हातातलं पेन थांबलं.

"तू फोडलास?"

"मग? आई आली तेव्हा तू शेजारी उभी राहून रडत होतीस. मी रडत नव्हते. आईनं रडणारी धरली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते गं. पण मग जेवायला बसलो." ताईनं पर्सची चेन लावली. "काका तुला फोडणी म्हणायला लागले, तुलाही ते आवडत होतं असं वाटलं मला. किती द्यायचे आगाऊ?"

फोडणीनं पावती दिली. पाच बाय दीड असं नीट लिहिलं. ताई निघून गेल्यावर ती बराच वेळ पावतीपुस्तकाच्या कार्बनकडं बघत बसली. कठड्यापलीकडं मिस्तरींनी सगळं ऐकलं होतं, पण ते काही बोलले नाहीत. ते तसेही दिवसाला दहा-बारा वाक्यांच्या वर जात नसत.

त्या संध्याकाळी ती घरी गेली ती जरा ताठ मानेनंच. चाळीस वर्षांचा आळ एका दुपारी उतरला होता. तिनं कपाटातून नवऱ्याचा काचेचा जग काढला, नळाखाली भरला, आणि एका हातात उचलून टेबलाकडं निघाली. चौथ्या पावलावर पाणी हिंदकळायला लागलं. सहाव्या पावलावर तिनं दुसरा हात लावला. आठव्या पावलावर जग टेबलाच्या कडेला आपटला आणि त्याची मूठ तिच्या हातात राहिली.

"पण ताईनं फोडला होता तो आरसा!" ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याला संदर्भ लागला नाही. त्यानं पाणी पुसलं.

रात्री जेवताना तिनं सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "म्हणजे तू धांदरट नाहीसच."

"आहे ना. आत्ताच नाही का पाहिलंस?"

खरं काय ते तिला कळलं होतं. तिच्या हाताला कोणी कळवलं नव्हतं, आणि हाताची नोकरी चाळीस वर्षं झालेली होती.

पुढचे चार दिवस तिनं स्वतःवर पाळत ठेवली. काही उचलायच्या आधी ती श्वास कोंडते, हे तिला पहिल्या दिवशी दिसलं. दुसऱ्या दिवशी दिसलं, की ती वस्तूकडं बघतच नाही, ती जमिनीकडं बघते, म्हणजे वस्तू जिथं पडणार आहे तिकडं. तिसऱ्या दिवशी काही दिसलं नाही, सुट्टी होती. चौथ्या दिवशी दुपारी, मिस्तरी डबा खाऊन हात पुसत असताना, ती कठड्याशी जाऊन उभी राहिली.

"मिस्तरी, मला काच कापायला शिकवाल?"

मिस्तरींनी हात पुसणं पूर्ण केलं. "का?"

"माझ्या हातून सगळं फुटतं."

"बरं," मिस्तरी म्हणाले, आणि कठड्याचं दार उघडून धरलं. ती आत आली. अठरा वर्षांनी. आत काही विशेष नव्हतं. बरीच धूळ होती.

मिस्तरींनी भंगाराच्या पेटीतून वहीएवढा तुकडा काढून ब्लँकेटवर ठेवला, पट्टी लावली, आणि हिरकणी तिच्या हातात दिली. पेनासारखी मूठ आणि टोकाला हिऱ्याचा कण. "एकच रेघ. वरपासून खालपर्यंत. मधे थांबायचं नाही, पुन्हा गिरवायचं नाही."

तिनं रेघ ओढायला घेतली. अर्ध्यावर थांबली. पुन्हा गिरवली. मिस्तरींनी तुकडा टेबलाच्या कडेवर धरून दाबला, तो भलतीकडंच तडकला.

"बघा," ती म्हणाली, जवळजवळ समाधानानं. "सांगितलं होतं ना?"

"तुम्ही काय पुटपुटत होता?"

"कुठं काय?"

"'फुटेल, फुटेल' म्हणत होता."

तिला माहीत नव्हतं. आरशानंतर ती काहीही उचलायला गेली की आई हेच म्हणायची, असं तिला आता आठवलं.

"बाई," मिस्तरी म्हणाले, "काच कापत नाहीत. लोक म्हणतात कापतात. काच फोडतातच. कुठं फुटायचं ते हिरकणीनं आधी सांगून ठेवायचं, एवढंच. फुटली नाही तर आपण इथं कशाला बसलोय?" त्या दिवशीची त्यांची वाक्यं बहुतेक तिथंच संपली, कारण संध्याकाळपर्यंत ते पुन्हा बोलले नाहीत.

मग रोज दुपारी डबा झाला की पाऊण तास. पहिल्या आठवड्यात तिनं भंगाराची पेटी जवळजवळ संपवली. बोटाला दोनदा पट्टी बांधली. श्वास सोडत सोडत रेघ ओढायची, हे मिस्तरींनी एकदा दाखवलं. नजर हिरकणीच्या पुढं बोटभर ठेवायची, जमिनीकडं नाही, हे तिनंच शोधलं. 'फुटेल' काही केल्या तोंडातून जाईना. शेवटी मिस्तरी वैतागून म्हणाले, मोठ्यानं म्हणा. ती मोठ्यानं "फुटेल!" म्हणाली, रेघ ओढली, तुकडा कडेवर धरला, आणि टक् करून दोन सारखे भाग हातात आले. पुढून मालक ओरडले, "काय फुटलं?"

"जे फोडायचं होतं तेच," मिस्तरींनी उत्तर दिलं.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. पाचातले तीन नीट यायचे, मग एखाद्या दिवशी पाचही वाकडे. अशा दिवशी ती घरी स्टीलचा पेला काढायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कठड्याचं दार उघडायची. तिसऱ्या महिन्यात, कुणी लक्ष दिलं असतं तर दिसलं असतं, की ती हात धुवायला इमारतीला वळसा घालत नव्हती. कुणी लक्ष दिलं नाही.

मग मिस्तरींचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. दोन आठवडे घरी. मालकांनी दारावर कागद लावला: काच कापायचं काम बंद. कागदाच्या दुसऱ्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ चादरीत गुंडाळलेला आरसा घेऊन आले. ते जन्मभर जमिनीची मोजणी करून निवृत्त झाले होते आणि तसेच बोलत.

"चारशे बारा बाय तीनशे," त्यांनी सांगितलं. "मिलिमीटर. चौकट मी केलेली आहे. चौकटीचा काठ पाच मिलिमीटर झाकतो."

"पण कापायचं काम बंद आहे, आजोबा," मालक म्हणाले. "नवा आरसा तयार मापात मिळेल कुठंतरी."

"नवा चालणार नाही. माझी बायको चार महिने पलंगावर आहे. तिला खिडकीतून रस्ता दिसत नाही. पलंगाशी आरसा लावला तर दिसेल. पण नव्या आरशात ती म्हातारी दिसते म्हणते. हा तिच्या टेबलाचा, पन्नास वर्षांपूर्वीचा. याचा एक कोपरा तडकलाय, बाकी शाबूत आहे."

मालकांनी नाइलाजानं हात हलवले. आजोबांनी चादर पुन्हा गुंडाळायला घेतली.

"मी कापते," फोडणी म्हणाली.

मालकांनी तिच्याकडं पाहिलं. मग दारावरच्या कागदाकडं पाहिलं, जणू त्यावर काही उत्तर असेल. "बाई, हा एकच आहे हं."

"माहितीये."

तिनं आधी टेबल खिडकीकडं हातभर सरकवलं, कारण मिस्तरींना उजेड उजवीकडून लागायचा आणि तिला डावीकडून. ब्लँकेट झटकलं. आरसा पुसला. काच जुनी होती, जाड. अशी काच ठिसूळ होते, हे मिस्तरींनी सांगून ठेवलं होतं. 'फुटेल' आलंच तोंडात. ती ते मोठ्यानं म्हणाली. आजोबा दचकले.

पहिली बाजू आली. दुसरी आली. तिसरी तर अशी आली की मालक पुढं येऊन उभे राहिले. चौथ्या बाजूला जेमतेम दोन बोटांची पट्टी काढायची होती. ती हातानं सुटत नाही, पक्कड लावावी लागते. तिनं पक्कड लावली, खाली दाबली. पट्टी सुटली, आणि जाता जाता कोपऱ्याचा एक टवका घेऊन गेली.

'माझंच चुकलं, मी हात लावायलाच नको होता' हे वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. चाळीस वर्षं ते तिथंच असायचं. तिनं पक्कड खाली ठेवली.

"तीन बाजू नीट आल्या," ती म्हणाली. "चौथीला कोपऱ्यात टवका उडाला. पक्कड मी कडेच्या फार जवळ धरली. बघा, मोजा."

आजोबांनी खिशातून पट्टी काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि मोजलं. परत मोजलं.

"सहा मिलिमीटर," ते म्हणाले. "चौकट पाच झाकते."

"म्हणजे एक दिसणार."

"एक दिसणार." आजोबांनी बराच विचार केला. त्यांच्या जन्मभराच्या कामात एक मिलिमीटर ही लहान गोष्ट नसावी. "तिलाही चष्मा लागतो," शेवटी ते म्हणाले, आणि चादर पुढं केली.

ते गेल्यावर फोडणी बेसिनपाशी जाऊन थोडी रडली. आनंदानं की दुसऱ्या कशानं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मग ती पुढं आली, आणि मालकांनी दारावरचा कागद काढून ठेवलेला तिला दिसला.

दोन आठवड्यांनी मिस्तरी काळा चष्मा लावून परत आले. आल्या आल्या म्हणाले, "टेबल कुणी हलवलं?"

"मी. मला उजेड डावीकडून लागतो."

मिस्तरींनी टेबल पूर्ववत केलं. दुपारी तिनं ते सरकवलं. सकाळी मिस्तरींनी परत ओढलं. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी मालकांनी दुसरं टेबल आणलं आणि मधला कठडा काढून टाकला, कारण दोन टेबलं एरवी बसेनात. मिस्तरींनी तिच्या टेबलावरची एक कापलेली कड बोटानं चाचपली आणि "चालेल" म्हणाले. मालकांच्या आठवणीत हा शब्द त्यांनी याआधी एकदाच वापरला होता, आणि तोही चहाबद्दल.

महिन्याभरानं आजोबांचा फोन आला. फोन अजून तीच घ्यायची.

"आरसा उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त एक अडचण. आरशात रस्ता उलटा दिसतो. बाजार उजवीकडं आहे, हे तिला माहितीये. त्यामुळं लोक भरलेल्या पिशव्या घेऊन बाजारात चाललेत आणि रिकाम्या घेऊन घरी येतायत, असं दिसतं. ती म्हणते, मी पडल्यापासून गावात काहीतरी बिघडलंय. यावर काही उपाय?"

फोडणीनं विचार केला. "समोर दुसरा आरसा लावला, तर पहिल्यातलं उलटं त्यात सरळ दिसेल."

"मलाही तसंच वाटलं. माप काढून ठेवलंय. तीनशे बाय दोनशे दहा. हा नवा चालेल, यात ती स्वतःकडं बघणार नाहीये."

"काठ किती झाकतो?"

"या वेळी आठ ठेवलाय," आजोबा म्हणाले.

"पाच पुरे," फोडणी म्हणाली आणि माप लिहून घेतलं. "उद्या अकराला या."