थायरॉइडला नंबर नाही

नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून स्पष्ट लिहून दिलं होतं : गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली आहे. शालिनीबाई सदा थकलेल्या का असत आणि भर मे महिन्यात स्वेटर घालून का हिंडत होत्या, ते अखेर कळलं. पण पांढुर्ण्याच्या दवाखान्यातून शाळेसाठी रजेचा दाखला आला, तर त्यावर आजाराचा सांकेतिक नंबर मानसिक रोगाचा!

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाखला घेऊन त्या तडक दवाखान्यात हे नंबर लावणाऱ्या कारकुनासमोर, पुंडलिकरावांसमोर, उभ्या राहिल्या.

"बाई, थायरॉइडचा नंबर आमच्या तक्त्यातच नाई," पुंडलिकराव तंबाखू चोळत म्हणाले. "थकवा सांगनाऱ्या समद्या बायकायले आमी हाच लावून राहिलो. आजवर कोनी तक्रार नाई केली."

"कोनी बाई कशी करन? तुमी तिले आधीच येडी ठरवली!" शाळेत शुद्ध बोलणाऱ्या बाई आता घरच्या बोलीवर आल्या.

पोळ्यानंतरची गोटमारीची जत्रा कालच झाली होती. तिथे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हौसेनं दगड हाणलेले गडी डोक्याला पट्ट्या बांधून व्हरांडाभर बसले होते.

बाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "आन् यायले कोनता नंबर?"

"अपघाताचा."

बाईंनी दाखला टेबलावर आपटला. "माहं दुखनं गळ्यात हाये, पुंडलिकराव, ते तुमी डोक्यात नेऊन बसवलं. आन् यायच्या डोक्यात खरंच बिघाड हाये, तो तुमाले टाके घालतानाबी दिसला नाई!"