अनामिक नव्हे, सोजरबाई

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. सास्तूरच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात राहतो. म्हाताऱ्यांनी शांत असावं म्हणतात, पण मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. तिथलं एक विद्यापीठ आणि अमेरिकेतलं एक विद्यापीठ यांच्यात अनेक वर्षांची देवाणघेवाण होती. व्हिएन्नाचे अभ्यासक अमेरिकेत शिकवायला जात, अमेरिकेतले व्हिएन्नात येत. पुस्तकांची आणि गाण्यांच्या फितींचीही अदलाबदल चाले. १९८८ साली दोन्हीकडची एकेक अभ्यासक बाई, मला खांद्याला अडकवून, जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सास्तूरला आली.

ओव्या गायल्या सोजरबाईंनी. जात्याच्या पलीकडं बसली होती शेजारची इरम्मा. काय आवाज होता! पाहुण्या लिहायचं विसरल्या. मी मात्र एक अक्षर सोडलं नाही.

शेवटी पाहुण्यांनी सोजरबाईंना पूर्ण नाव विचारलं. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येणार, आणि ते सोजरबाई तोंडानं कसं घेणार? त्यांनी पदर तोंडाला लावला. दुभाषा म्हणून बसलेले नारायणराव गुरुजी घाईनं इंग्रजीत म्हणाले, "त्या नाव सांगत नाहीत." पाहुण्यांनी तसंच लिहून घेतलं आणि वह्या मिटल्या.

मग इरम्मा हसत ओरडली, "तिला काय इचारता? म्या सांगते, लिवा! सोजरबाई शिवशरण बिराजदार!"

"गप गं बाई! ह्ये दारातच हायेत," सोजरबाई पुटपुटल्या.

वह्या मिटल्या होत्या. मी चालू होतो.

जाताना पाहुण्यांनी मला शाळेला भेट दिलं. पुढं फितीची एक पूर्ण प्रतही पोस्टानं आली. मूळ फीत व्हिएन्नात राहिली, दुसरी प्रत अमेरिकेला गेली. दोन्हीकडं नुसत्या ओव्या ठेवल्या आणि मधलं बोलणं बिनकामाचं म्हणून कापून टाकलं.

पाच वर्षांनी भूकंपात सोजरबाई गेल्या. लेक धुरपदाबाई वाचली, पण तिला आईचा एक फोटोसुद्धा मिळाला नाही. माझं कपाट ढिगाऱ्यातून निघालं. नव्या शाळेत माझी कदर कुणी केली? गॅदरिंगच्या नाचासाठी त्याच फितीवर दुसरी गाणी भरली. अर्ध्या ओव्या पुसल्या, मित्रांनो! परक्यांवर रागावतो, तसा मी आपल्यांवरही रागावतो.

यंदा त्या दोन विद्यापीठांनी आपल्या देवाणघेवाणीचा उत्सव केला आणि जुने आवाज इंटरनेटवर ठेवले. धुरपदाबाईंची नात अक्षरा हिनं मोबाइलवर ओवी लावली. आईचा आवाज ऐकून धुरपदाबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"खाली काय लिवलंय गं?"

"अनामिक स्त्री. नाव सांगण्यास नकार, असं लिहिलंय, आज्जी."

"नकार? माज्या आईनं?"

शेजारी दोन्ही अभ्यासक बायांची नावं होती, पदव्यांसकट.

धुरपदाबाई तडक गुरुजींकडं गेल्या. "गुरुजी, तुमी तिथंच व्हता न्हवं?"

ऐंशी पार केलेले गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी आहे. मी अर्धंच सांगितलं."

त्यांनीच मला कपाटातून काढलं, पुसलं, फीत फिरवणारा नवा रबरी पट्टा बसवून घेतला. फीत लावली. आधी नाचाचं गाणं धडधडलं. मग एकदम जात्याची घरघर आली, एक अर्धी ओवी आली आणि मग इरम्माचा तो खणखणीत आवाज.

अक्षरानं तेवढं मोबाइलवर उतरवलं आणि गुरुजींच्या माफीपत्रासोबत दोन्ही विद्यापीठांना पाठवलं. उत्तर आलं. आभारी आहोत, पण नोंद बदलायला दोन्ही विद्यापीठांच्या संयुक्त समितीची मान्यता लागते, आणि समिती पुढच्या वर्षी बसेल.

"माज्या आईचं नाव लिवायला दोन देश लागत्यात व्हय?" धुरपदाबाई म्हणाल्या. "तवर म्या जगते का बघावं लागंल!"

देवाणघेवाण म्हणे! दोघांनी एकमेकांना सोजरबाईंचा आवाज दिला आणि घेतला. सोजरबाईंना काय दिलं?

मित्रांनो, कुणाचं गाणं टिपून घ्याल तर नाव विचारा, आणि उत्तर पुरं होईपर्यंत वही मिटू नका. जुन्या फितीवर काही भरण्याआधी ती एकदा ऐका. समिती बसायची तेव्हा बसेल. तुम्ही आत्ताच पेन उघडा आणि लिहा: ओव्या गायल्या सोजरबाई शिवशरण बिराजदार यांनी, सास्तूर.